अपघाती मृत्यूच्या खटल्यात अपील करताय? या चुका टाळा

नागपूरच्या जिल्हा न्यायालयात शिक्षा सुनावली की घरचे लोक पहिलं वाक्य बोलतात, "थेट हायकोर्टात जाऊ." जेएमएफसीने, म्हणजे प्रथम वर्ग न्यायदंडाधिकाऱ्याने, दिलेल्या शिक्षेविरुद्धचं अपील सत्र न्यायालयात होतं, तेही ३० दिवसांच्या आत. सिव्हिल लाइन्समधल्या हायकोर्टाच्या खंडपीठाची पायरी नंतरची, आणि तिथे पुनरीक्षण असतं, म्हणजे खालच्या निकालात कायद्याची ठळक चूक आहे का एवढंच पाहिलं जातं. साक्षीपुरावा पुन्हा पहिल्यापासून तोलला जाईल, ही आशा त्या पायरीवर धरू नका. पुरावा खऱ्या अर्थाने दुसऱ्यांदा वाचला जातो तो सत्र न्यायालयातच, म्हणून तिथलं अपील उरकायचं म्हणून करू नका.

निकालाच्या दिवशी जामीनदार आणि त्याची कागदपत्रं सोबत ठेवा. आरोपी जामिनावर असेल आणि शिक्षा ३ वर्षांपर्यंतची असेल, तर शिक्षा सुनावणारं न्यायालयच अपिलापुरता वेळ देऊन जामीन देऊ शकतं. कागद नाहीत म्हणून माणूस त्या रात्री कारागृहात गेलेला मी पाहिला आहे. दुसऱ्या दिवशी सुटला, पण त्याच्या आईची ती रात्र कोण भरून देणार?

आता सगळ्यात मोठी चूक. फिर्यादीत ठरलेलं वाक्य असतं, 'भरधाव वेगाने, हयगयीने व निष्काळजीपणे'. साक्षीदारही तेच म्हणतो आणि बचावाचा वकील वेगावरच भांडत बसतो. नुसत्या 'भरधाव' या शब्दाने निष्काळजीपणा शाबीत होत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने १९९८ मध्ये कर्नाटक राज्य विरुद्ध सतीश या खटल्यात सांगितलं आहे. म्हणून साक्षीच्या आधी घटनास्थळ पंचनामा आणि त्याचा नकाशा वाचा. रिंग रोडवरच्या एका अपघातात सगळे साक्षीदार सांगत होते, ट्रक उलट्या बाजूने आला. नकाशात मात्र काचांचा चुरा आणि टायरच्या घसरणीची खूण, दोन्ही ट्रकच्या योग्य बाजूला, म्हणजे ट्रक आपल्याच बाजूने चालला होता. खालच्या कोर्टात पंचाला त्यावर एकही प्रश्न विचारला गेला नव्हता. नकाशा शाबीत झालेला होता, म्हणून अपिलात तो कामी आला. मोटार वाहन निरीक्षकाचा ब्रेकबद्दलचा शेराही असाच दुर्लक्षित राहतो. आणि गाडी कोणाची हे सिद्ध झालं म्हणजे ती कोण चालवत होतं हे सिद्ध झालं, असं समजू नका.

"नुकसानभरपाई दिली, आता शिक्षा माफ होईल" हा भ्रम तर सोडाच. पंजाब राज्य विरुद्ध सौरभ बक्षी खटल्यात ८५,००० रुपये दिले म्हणून उच्च न्यायालयाने एक वर्षाची शिक्षा भोगलेल्या २४ दिवसांवर आणली होती. सर्वोच्च न्यायालयाने २०१५ मध्ये ती ६ महिने केली. 'पहिलाच गुन्हा, तरुण मुलगा' म्हणून परिवीक्षेवर, म्हणजे तुरुंगाऐवजी चांगल्या वर्तनाच्या हमीवर, सोडण्यालाही त्याच न्यायालयाने २००० मध्ये दलबीर सिंग खटल्यात नकार दिला. त्यापेक्षा जखमीला स्वतः मेडिकल किंवा मेयो या सरकारी रुग्णालयात नेलं असेल, तर त्याची नोंद खटल्यातच पुराव्यात आणा. अपिलाच्या सुनावणीत ती तोंडी सांगून फारसं वजन पडत नाही.

कलमाचाही घोळ होतो. १ जुलै २०२४ आधीच्या अपघाताला भादंवि (भारतीय दंड विधान) ३०४-अ लागतं, कमाल २ वर्षं. त्यानंतरच्याला भारतीय न्याय संहितेचं १०६(१), कमाल ५ वर्षं. निकाल कधी लागला याने फरक पडत नाही, अपघाताची तारीख बघा. अपघातानंतर न कळवता पळून जाणाऱ्या चालकाला १० वर्षांपर्यंतच्या शिक्षेच्या ज्या तरतुदीवरून २०२४ च्या जानेवारीत ट्रकचालकांनी संप केला, ते १०६(२) वगळूनच संहिता लागू झाली.

मृताच्या घरच्यांसाठी एक गोष्ट, कारण त्यांना ती वेळेवर कोणी सांगत नाही. निर्दोष सुटका झाली, कमी गंभीर गुन्ह्यात दोषी धरलं किंवा भरपाई अपुरी वाटली, तर तुम्ही स्वतः अपील करू शकता. शिक्षा कमी वाटली म्हणून मात्र नाही, ते अपील सरकारनेच करायचं असतं (परविंदर कंसल, २०२०). एक आई प्लास्टिकच्या पिशवीत मुलाचा फोटो आणि निकालाची घडी घालून माझ्याकडे आली, तेव्हा मुदत उलटून तीन महिने झाले होते. निकालाच्या आठवड्यातच सरकारी वकिलांकडे लेखी अर्ज द्या आणि त्याची पोच घ्या. आणि आरोपी सुटला म्हणून मोटार अपघात न्यायाधिकरणातला दावा सोडू नका. तिथे पुराव्याची कसोटी वेगळी आहे.