ग्याराडोस: डान्स टाकण्याआधीचा हिशोब

पोकेमॉन शोडाउन या ऑनलाइन लढतींच्या साइटवर नवीन आलेल्यांचा जीव बहुतेकदा ग्याराडोस या पोकेमॉनवरच जडतो. ड्रॅगन डान्स ही त्याची मूव्ह एकदा टाकली की अटॅक दीडपट, स्पीडही दीडपट. मग समोरचे एकेक करून आडवे. व्हिडिओत तरी असंच दिसतं. लॅडरवर, म्हणजे रेटिंगच्या लढतींत, हाच ग्याराडोस डान्स टाकतो आणि पुढच्याच टर्नला मरतो. इथे सगळा हिशोब सिंगल्सचा (एकास एक लढतीचा), स्कार्लेट-व्हायोलेटच्या नियमांचा आणि लेव्हल १०० चा आहे. डबल्सचं गणित वेगळं आहे, ते यात शोधू नका.

आधी एक कडू गोष्ट. रत्नागिरी-कुडाळकडे गणपतीत मुंबईचा एखादा भाऊ येतो, त्याची टीम तुमच्या फोनवर इम्पोर्ट करून देतो, "डोळे झाकून खेळ" म्हणतो आणि विसर्जन झालं की गाडी पकडतो. टीम राहते, पण त्यातला प्रत्येक आकडा तसाच का, हे सांगणारा निघून गेलेला असतो. उसनी टीम वाईट नसते. पण "डोळे झाकून" सांगणारा गुरू नको. "इथे स्विच का नाही केलंस?" असं विचारून डोकं खाणारा मित्र शोधा, रेटिंग तुमच्याहून कमी असलं तरी चालेल.

आता आकडे. ईव्ही, म्हणजे पोकेमॉनच्या गुणांत वाटायचे जादा पॉइंट: अटॅकला २५२, स्पीडला २५२ आणि उरलेले ४. ते ४ एचपीत, म्हणजे जीवाच्या पॉइंटांत, टाकायची सवय सगळ्यांनाच असते. ग्याराडोसला टाकू नका. एचपीत काही न टाकता त्याचा एचपी ३३१ भरतो. रॉक टाइपचा मार त्याला दुप्पट लागतो, म्हणून समोरच्याने मैदानात पेरलेला स्टेल्थ रॉक दर एन्ट्रीला पाव एचपी खातो, म्हणजे ८२. चार वेळा आत आलात तरी ३ उरतात. एचपीत ४ ईव्ही टाकले की ३३२ होतात, दर वेळी ८३ जातात आणि चौथ्या एन्ट्रीला खेळ खलास. एक पॉइंट वाढवून एक अख्खी एन्ट्री घालवायची, याला काय अर्थ आहे? ते ४ स्पेशल डिफेन्सला द्या. आयटम हेवी-ड्युटी बूट्स घेतलात तर स्टेल्थ रॉक लागतच नाही. पण नॉक ऑफ बसला की बूट्स जातात आणि हाच हिशोब परत लागू होतो.

नेचर जॉली (स्पीड वाढवणारा) की ॲडमंट (अटॅक वाढवणारा)? जॉलीचा स्पीड २८७, एका डान्सनंतर ४३०. ॲडमंटचा २६१, डान्सनंतर ३९१. पूर्ण स्पीडचा ड्रॅगापल्ट ४२१ वर असतो. जॉली त्याच्या पुढे जातो, ॲडमंट मागे राहतो. मियावस्काराडा ३७९ वर, म्हणजे तिला दोघेही गाठतात. नवीन असाल तर जॉलीच घ्या. ॲडमंटचा जास्तीचा मार कुठे लागतो हे ओळखता येईपर्यंत त्याचा काही उपयोग नाही.

मूव्ह्ज सरळ आहेत: ड्रॅगन डान्स, वॉटरफॉल, अर्थक्वेक आणि चौथी जागा टॉन्टला, तो समोरच्याला मार न देणाऱ्या मूव्ह वापरू देत नाही. टॉन्टच्या जागी आईस फँग घालणारेही आहेत, त्यांना डान्सची वाढ पुसणारा टॉक्सापेक्सचा हेझ लखलाभ. ॲबिलिटी इंटिमिडेट. मॉक्सीचा (एकाला पाडलं की अटॅक वाढतो) मोह होतो, पण नवख्याला आत यायला सुरक्षित जागा लागते आणि ती समोरच्याचा अटॅक उतरवल्यावर मिळते. फक्त क्लिअर बॉडी असलेल्या ड्रॅगापल्टवर इंटिमिडेट चालत नाही आणि डिफायंट असलेल्या किंगॅम्बिटचा अटॅक उलट चढतो.

आता मुख्य सापळा. हे दोनदा वाचा.

ग्याराडोस वॉटर-फ्लाइंग, म्हणून इलेक्ट्रिक चौपट लागतं. हे सगळ्यांना पाठ असतं. त्यामुळे रेजिंग बोल्ट हा इलेक्ट्रिक-ड्रॅगन पोकेमॉन समोर आला की नवखा लगेच गणित करतो: बोल्टचा जास्तीत जास्त स्पीड २७३, माझा डान्सनंतर ४३०, इलेक्ट्रिकला ग्राउंड दुप्पट लागतं, मग मीच आधी अर्थक्वेक मारणार. गणित बरोबर आहे आणि ग्याराडोस तरीही मरतो. कारण बोल्टच्या थंडरक्लॅप या इलेक्ट्रिक मूव्हला प्रायॉरिटी आहे. तुम्ही त्या टर्नला मार देणारी मूव्ह निवडली असेल, तर थंडरक्लॅप स्पीड न बघता आधी बसतो. तुमचे ४३० असोत की ४३००, काही फरक पडत नाही.

खरी फसवणूक याच्याही आधीच्या टर्नला होते. तुम्ही डान्स टाकता. डान्स ही मार देणारी मूव्ह नाही, म्हणून बोल्टचा थंडरक्लॅप फेल जातो. स्क्रीनवर फेल दिसतं, तुम्हाला वाटतं आपण वाचलो, आता मैदान मोकळं. पुढच्या टर्नला अर्थक्वेक दाबता आणि तेव्हा तोच थंडरक्लॅप चौपट बसतो. फेल झालेला थंडरक्लॅप म्हणजे बोल्टकडे तो आहे याची खूण. ती खूण मिळाल्यावरही अर्थक्वेक दाबणं म्हणजे ग्याराडोस फुकट देणं.

बरं, थंडरक्लॅप आलाच नाही असं धरू. जॉली ग्याराडोसचा एका डान्सनंतरचा अर्थक्वेक, एचपी-डिफेन्सला ईव्ही नसलेल्या बोल्टला ३४४ ते ४०६ लागतो. त्याचा एचपी ३९१. मार दर वेळी सोळा आकड्यांतून (रोल) एक निवडला जातो, त्यातले चारच रोल मारतात. ॲडमंट असेल तर सोळातले तेरा. म्हणजे जॉलीवाल्याने थंडरक्लॅप टाळला तरी बोल्ट बहुतेकदा जिवंत राहून उलट मारतो.

वाट आहे, घाबरू नका. टेरा म्हणजे लढतीत एकदा टाइप बदलायची सोय. ग्याराडोसला टेरा ग्राउंड द्या. टेरा केल्यावर इलेक्ट्रिक लागतच नाही आणि अर्थक्वेकला स्टॅब (स्वतःच्या टाइपच्या मूव्हचा दीडपट मार) मिळून मार ५१६ च्या वर जातो. बोल्ट संपला. पण समोरच्यानेही त्याच टर्नला टेरा करून बोल्ट फेअरी केला, तर ग्राउंड साधं लागतं आणि मार २५८ ते ३०४ वर येतो, म्हणजे तो वाचतो. शिवाय टेरा एकदाच मिळतो. ग्राउंड झालेल्या ग्याराडोसला आता वॉटर, ग्रास आणि आईस दुप्पट लागतात, जमिनीवरचे स्पाइक्सही टोचतात. रिलाबूमचा ग्रासी ग्लाइड आधी साधा लागायचा, आता दुप्पट लागतो, आणि ग्रासी टेरेन असताना तोही प्रायॉरिटीने येतो. त्याच टेरेनमध्ये तुमचा अर्थक्वेक अर्धा होतो.

त्यामुळे माझं मत असं: टेरा बोल्टवर खर्च करूच नका. टीम प्रिव्ह्यूत, म्हणजे लढतीआधी समोरची टीम दिसते तिथे, बोल्ट दिसला की ग्याराडोस मागे ठेवा आणि बोल्टला ग्राउंड टाइपवाल्याकडून थकवून घ्या. टिंग-लू किंवा क्लॉडसायर टीममध्ये असला की समोरचा थंडरक्लॅप दाबायला कचरतो. पागी पाण्यावरची हालचाल बघेपर्यंत पाग, म्हणजे फेकायचं जाळं, खांद्यावरच ठेवतो, तसा हा डान्स ठेवायचा. बोल्ट, झॅपडॉस, रोटम-वॉश यातलं जे समोर असेल ते पडल्यावर किंवा अर्ध्याच्या खाली आल्यावर तो टाकायचा. त्याआधी ग्याराडोसने आत येऊन इंटिमिडेट देऊन बाहेर जावं, एवढंच काम.

डान्सला चांगली जागा म्हणजे ग्रेट टस्क. त्याचा ग्राउंडचा मार लागत नाही, क्लोज कॉम्बॅट अर्धाच लागतो आणि इंटिमिडेटने तोही उतरतो. पण त्याने तुमच्यासमोर रॅपिड स्पिन मारला तर हसू नका. स्पिनने त्याचा स्पीड वाढतो. पूर्ण स्पीडचा जॉली टस्क ३०० वरून ४५० वर जातो, तुमच्या ४३० च्या पुढे. मग तो नॉक ऑफने बूट्स उडवतो आणि पुढच्या वेळी आत येताना ८२ गेलेच.

बाकीचे थोडक्यात. डोंडोझोची अनअवेअर तुमचा डान्स मोजतच नाही, तिथे टॉन्ट मारून रेस्ट अडवा आणि दुसऱ्याला पाठवा. विल-ओ-विस्पने बर्न झालात तर मार अर्धा, डान्स पाण्यात. स्कार्फ (स्पीड दीडपट, पण एकाच मूव्हला अडकवणारा आयटम) घातलेला गार्चॉम्प ४९९ वर पळतो, जॉलीलाही मागे टाकतो. समोरचा गार्चॉम्प एकच मूव्ह पुन्हापुन्हा मारताना दिसला की स्कार्फचा संशय घ्या.

आणि पावसाळ्यातली बाब. जूननंतर आपल्याकडे लाईट गेली की वायफाय जातं आणि शोडाउनचा टायमर तुमच्यासाठी थांबत नाही. फोनचा डेटा आधीच चालू ठेवा. बॅटल बहुतेक मजकुरावर चालतं, त्यामुळे डोंगराआडच्या वाडीतल्या बारीक नेटवर्कवरही निभावतं. कनेक्शन तुटलं तर घाबरून नवीन बॅटल शोधू नका, त्याच लॉगिनने परत या, टायमर उरला असेल तर तीच बॅटल पुढे खेळता येते. आकाश गडगडत असेल त्या संध्याकाळी रेटिंगची बॅटल नकोच, जुने रिप्ले काढा. ज्या टर्नला डान्स टाकला तिथे थांबा आणि समोर तेव्हा कोण कोण जिवंत होतं ते वहीत लिहा.