डांबरी रस्ता पावसाळ्यात का उखडतो : बांधताना आणि दुरुस्त करताना या चुका टाळा

नवा रस्ता पहिल्याच पावसाळ्यात उखडला की बोट डांबराकडे दाखवले जाते. डांबर कमी वापरले, थर पातळ दिला, अशी तक्रार होते आणि काही वेळा ती खरीही असते. परंतु पावसाने ज्या रस्त्यांची दैना होते, त्यांतल्या बहुतेकांचे दुखणे काळ्या थराच्या खाली असते. वाहनाचा भार शेवटी जमीन पेलते, आणि ती कोरडी असेपर्यंतच नीट पेलते.

जॉन लाउडन मॅकअ‍ॅडम या स्कॉटिश रस्तेबांधणीकाराने १८१६ साली इंग्लंडमधल्या ब्रिस्टॉलच्या रस्त्यांची जबाबदारी घेतल्यावर हेच तत्त्व प्रत्यक्षात आणले. त्याआधी फ्रान्समध्ये त्रेसागे आणि त्याच काळात ब्रिटनमध्ये टेलफर्ड हे अभियंते मोठ्या दगडांचा पाया, म्हणजे सोलिंग, घालून त्यावर खडी पसरत असत. मॅकअ‍ॅडमने सोलिंग वगळले, रस्ता आजूबाजूच्या जमिनीपेक्षा उंच घेतला, कडेने पाण्याला वाट दिली आणि हाताने फोडलेली, सहा औंसांहून म्हणजे सुमारे १७० ग्रॅमहून जड नसलेली कोनदार खडी पसरली. माती न मिसळलेली ही खडी चाकांखाली आपोआप घट्ट बसत जाई. पुढे मोटारींची चाके तिच्यातली भुकटी उडवू लागली, आणि १९०२ साली एडगर हूली याने डांबरमिश्रित खडीचे पेटंट घेतले. डांबर असे सर्वांत शेवटी आले, आणि बांधकामातही त्याची जागा शेवटचीच आहे.

सर्वांत महागात पडणारी चूक पाण्याच्या निचऱ्याची असते. आपल्याकडे १९२७ साली मुकुंदराव जयकर यांच्या अध्यक्षतेखाली नेमलेल्या समितीच्या शिफारशींतून पुढे १९३४ साली इंडियन रोड्स काँग्रेस ही संस्था उभी राहिली. जास्त पावसाच्या प्रदेशात डांबरी पृष्ठभागाला मध्यापासून कडेकडे अडीच टक्क्यांपर्यंत उतार ठेवण्याची तिची पद्धत आहे. म्हणजे ३.७५ मीटर रुंदीच्या एकेरी रस्त्याचा मध्य कडेपेक्षा जेमतेम पावणेपाच सेंटिमीटर उंच असतो. हा फरक डोळ्यांना सहज दिसत नाही, म्हणून काम चालू असतानाच आडवी दोरी ताणून तो मोजावा. उतार बरोबर असूनही साइडपट्टीवर वर्षानुवर्षे मुरूम टाकून ती रस्त्यापेक्षा उंच झाली असेल, तर पाणी कडेला अडते आणि थेट खडीच्या थरात मुरते. अशा ठिकाणी नवा थर देणे म्हणजे पैसे वाया घालवणे आहे. आधी साइडपट्टी छाटावी, गटार मोकळे करावे आणि बुजलेल्या मोऱ्या उघडाव्यात.

काळ्या मातीच्या पट्ट्यात आणखी सावध राहावे लागते. ही माती पावसात फुगते आणि उन्हाळ्यात आक्रसते. कडेची माती आधी वाळत असल्याने रस्त्याच्या लांबीला समांतर लांबलचक भेगा पडतात. वरून डांबर ओतून त्या काही महिने झाकल्या जातात, इतकेच. शक्य तिथे ती माती काढून चांगला मुरूम भरावा, अन्यथा तिच्यात चुना मिसळून ती सुधारून घ्यावी. भराव १५ ते २० सेंटिमीटरच्या थरांत, योग्य ओलाव्यावर दाबावा. मीटरभर मुरूम एकदम ओतून वरून रोलर फिरवला, तर दबाई फक्त वरच्या थराची होते आणि पुढच्या पावसाळ्यात रस्ता खचतो.

डांबरीकरणात तापमानाकडे होणारे दुर्लक्ष फार आढळते. व्हीजी-३० प्रतीचे (प्रत डांबराच्या घट्टपणावरून ठरते) डांबर वापरलेले खडी-डांबराचे मिश्रण पसरताना किमान १४० अंश सेल्सिअस असावे आणि ते ९० अंशांच्या खाली जाण्याआधी रोलिंग संपावे. मिश्रण तयार करणारा प्लांट दूर असेल आणि डंपरवर ताडपत्री नसेल, तर माल वाटेतच थंड होतो. असा माल नाकारण्याचे धैर्य साइटवरील पर्यवेक्षकाकडे असायला हवे. जुना पृष्ठभाग झाडून टॅक कोट, म्हणजे नवा थर चिकटावा म्हणून इमल्शनचा (पाण्यात मिसळलेल्या डांबराचा) पातळ हात, दिल्यावर इमल्शन तपकिरी दिसते. त्यातले पाणी सुटून ते काळे होईपर्यंत थांबावे. घाईत वर माल पसरला, तर दोन्ही थर एकमेकांना धरत नाहीत आणि पुढे रस्त्याचे पापुद्रे निघतात.

खड्डा बुजवताना तर जवळजवळ सर्व चुका एकाच ठिकाणी होतात. पाणी भरलेल्या खड्ड्यात खडी-मुरूम टाकून वरून ट्रक जाऊ दिले, की चार दिवसांत तो खड्डा पूर्वीपेक्षा मोठा होऊन परत येतो. खड्ड्याच्या कडा चौकोनी आणि उभ्या कापाव्यात, घट्ट थर लागेपर्यंत सैल माल काढावा, तळ व कडा कोरड्या करून इमल्शन लावावे, मिश्रण थराथराने दाबत भरावे आणि शेवटचा थर किंचित वर ठेवावा. खड्ड्याभोवती जाळीदार भेगा असतील, तर पाया निकामी झालेला आहे असे समजून तो सगळा तुकडाच उकरावा. जड वाहनांच्या वाटेवर चाकोऱ्या पडल्या असतील, तर मात्र मिश्रण मऊ आहे की खालचा थर दबतो आहे हे कापून पाहिल्याशिवाय उपाय ठरवू नये.

काँक्रीट केले की प्रश्न मिटतो, हाही गैरसमज आहे. काँक्रीटमध्ये ठरावीक अंतरावर मुद्दाम कापायचे सांधे उशिरा कापले तर काँक्रीट स्वतःच आडवी भेग काढते, आणि त्या भेगेतून शिरलेले पाणी वाहनांच्या दाबाखाली स्लॅबखालची माती बाहेर फेकू लागते.

कोणताही रस्ता करण्यापूर्वी नळ, केबल आणि सांडपाण्याच्या जोडण्यांसाठी आडवे पाइप घालून ठेवावेत. नंतर चर खणावाच लागला, तर तो मातीने एकदम न भरता मुरूम व खडी थराथराने दाबून भरावा आणि वरचा डांबरी थर चराच्या दोन्ही बाजूंना थोडा अधिक रुंद कापून नव्याने द्यावा.