पातं कापण्याआधी संगणकावर फिरवून घ्या

साताऱ्यात घराच्या गच्चीवर मी तीन पात्यांची, उभ्या अक्षाची पवनचक्की बसवली आहे. व्यास २ मीटर, पात्याची उंची २ मीटर आणि रुंदी, म्हणजे कॉर्ड, २० सेंटिमीटर. याच मापांवर सगळं सांगते. तुम्ही तुमची मापं घाला.

आधी वही काढा. वारा सेकंदाला ६ मीटर आणि पात्याचा वेग त्याच्या अडीचपट धरला, तर पातं सेकंदाला १५ मीटर पळतं आणि चक्की मिनिटाला साधारण १४३ फेरे मारते. रेनॉल्ड्स अंक (वेग, कॉर्ड आणि हवेचा चिकटपणा यांवरून निघणारा, प्रवाहाचा स्वभाव सांगणारा आकडा) येतो २ लाख. विमानांसाठी छापलेले लिफ्ट-ड्रॅगचे (उचल आणि अडथळ्याच्या बळांचे) तक्ते यापेक्षा कितीतरी मोठ्या अंकांचे असतात. ते इथे वापरले की पातं कागदावर फार हुशार दिसतं.

मग क्यूब्लेड उघडा. बर्लिनच्या टेक्निकल युनिव्हर्सिटीत तयार झालेलं हे पवनचक्क्यांच्या हिशेबाचं सॉफ्टवेअर आहे आणि त्यात एक्सफॉइल, म्हणजे पात्याच्या छेदावरची बळं काढणारा प्रोग्राम, आहेच. नाका ००१८ हा पात्याच्या छेदाचा ठरावीक आकार घ्या (शेवटचे दोन आकडे म्हणजे जाडी कॉर्डच्या १८ टक्के), २ लाख रेनॉल्ड्स अंकाला पोलर (दर कोनाला लिफ्ट-ड्रॅग सांगणारा तक्ता) काढा, तो ३६० अंशांपर्यंत वाढवा. आता कॉर्ड १५, २०, २५ सेंटिमीटर करून चक्की किती शक्ती देते त्याचे तीन वक्र एकावर एक काढा. रुंद पात्याचं शिखर कमी टिप स्पीड रेशोकडे (पात्याचा वेग भागिले वाऱ्याचा वेग, वर धरलेले अडीच) सरकतं. एअरफॉइलचे (पात्याच्या छेदाचे) नवनवे आकार शोधण्यात लोक महिने घालवतात. माझ्या मते आधी रुंदी आणि पात्यांची संख्या पक्की करावी, आकार नंतर.

क्यूब्लेडच्या झटपट हिशेबाचा भरवसा कमी रेशोला उरत नाही. अडीचच्या रेशोला वारा पात्यावर जास्तीत जास्त साधारण २४ अंशांनी येतो. तिथे हवेचा प्रवाह पात्यापासून सुटतो, भोवरा निघतो आणि तोच पुढे मागच्या पात्याच्या वाटेत येतो. हे बघायला ओपनफोम, म्हणजे हवेचा प्रवाह सविस्तर सोडवणारं सॉफ्टवेअर, लागतं. आडवा छेद पुरतो: चक्कीभोवतीचा गोल मेश (हिशेबासाठीची चौकटींची जाळी) फिरता, बाहेरचा स्थिर, टर्ब्युलन्ससाठी (प्रवाहातल्या खळबळीसाठी) के-ओमेगा एसएसटी हे मॉडेल. पात्याला चिकटलेल्या मेशच्या पहिल्या थराची जाडी ०.०१५ मिलिमीटरच्या आसपास ठेवा. वेळेची पायरी अर्ध्या अंशाची, म्हणजे एका फेऱ्याला ७२० पायऱ्या.

आता सगळ्यात महत्त्वाचं. ओपनफोममधल्या चौथ्या फेऱ्यालाच मला टॉर्क (फिरवणारा जोर) झकास दिसला आणि मी फायबरची पाती करून घेतली. पुढे तीच केस २५ फेऱ्यांपर्यंत चालवली तेव्हा टॉर्क उतरत गेला. कारण साधं होतं: सुरुवातीला चक्कीमागचा वारा अजून मंदावलेला नसतो, त्यामुळे मागच्या अर्ध्या वर्तुळात पात्याला फुकटचा ताजा वारा मिळतो. ती तीन पाती अजून माळ्यावर आहेत. दर फेऱ्याची सरासरी लिहीत जा. लागोपाठच्या फेऱ्यांत फरक १ टक्क्याच्या आत आला की मगच तो आकडा वहीत उतरवा.

सरासरीवर थांबू नका. एकाच पात्याचा टॉर्क अंशांनुसार काढून बघा. वाऱ्याकडच्या बाजूला एक मोठा उंचवटा दिसेल आणि तो जिथे एकदम कोसळतो तिथे प्रवाह सुटलेला असतो. पातं बसवण्याचा कोन आत-बाहेर २-२ अंश बदलून ही केस पुन्हा चालवा. बोल्टची भोकं लांबट ठेवली असतील तर या सुधारणेला एक पैसाही लागत नाही.

आडव्या छेदात पात्याची टोकं आणि पाती धरणाऱ्या आडव्या दांड्या नसतात, म्हणून खरा आकडा कमीच येणार. ६ मीटरच्या वाऱ्यात माझ्या ४ चौरस मीटरमधून जेमतेम ४७५ वॉट वाहतात. त्यातला पाव भाग हाती लागला तरी ११९ वॉट होतात. अशा वेळी दांडीचा गोल पाइप बराच घास खातो. मी त्यावर पत्र्याचं चपटं, मागे निमुळतं आवरण चढवलं आहे. नव्या पात्यांचा साचा त्यानंतरच करायला घेतला.