चित्रं काढणारा छोटा रोबो घरच्या घरी बनवायचाय? मग हे वाचा

पहिला रोबो म्हटलं की बहुतेक जण भिंत दिसली की वळणारी गाडी बनवतात. ती चालते छान पण दोन दिवसांत कंटाळा येतो. त्यापेक्षा मधे स्केचपेन लावलेला रोबो करा, दिलेला प्रोग्रॅम तो कागदावर काढून दाखवतो त्यामुळे चूक कुठे झाली ते लगेच दिसतं.

सामान फार नाही. आर्डुइनो नॅनो (प्रोग्रॅम चालवणारा छोटा बोर्ड), २८बीवायजे-४८ नावाच्या दोन छोट्या स्टेपर मोटर (मोजलेल्या छोट्या टप्प्यांनी, म्हणजे स्टेपनी फिरणाऱ्या), त्यांच्यासोबत मिळणारे यूएलएन२००३ ड्रायव्हर बोर्ड (मोटरला वीज पुरवणारे), चार रिचार्जेबल एए सेल, एक गोटी (तिसऱ्या चाकासारखी टेकायला), आणि टायर म्हणून दोन रबरी ओ-रिंग. बाकी सगळं थ्रीडी प्रिंट.

प्रिंट पीएलए प्लास्टिकमध्येच करा, ०.२ मिमी लेअर (थर), तीन वॉल (बाहेरच्या भिंती), २० टक्के इनफिल (आतला भराव) पुरे. खरी कटकट चाकाच्या भोकाची. मोटरचा शाफ्ट ५ मिमी, पण दोन बाजूंनी चपटा, तिथे जाडी ३ मिमी. मॉडेलमध्ये हेच आकडे टाकले की भोक हमखास घट्ट येतं कारण प्रिंट झालेली भोकं नेहमी थोडी लहानच निघतात. मी तसंच केलं, चाक ठोकून बसवायला गेलो आणि मोटरच्या आतला गिअरच गेला. त्यामुळे ५.२ आणि ३.२ ठेवा, आणि अख्खं चाक प्रिंट करायच्या आधी नुसत्या भोकाचा तुकडा काढून बघा, पाच-दहा मिनिटांत होतो.

बेस डिझाइन करताना एकच गोष्ट डोक्यात ठेवा. पेन दोन्ही चाकांच्या बरोब्बर मधोमध, त्यांना जोडणाऱ्या रेषेवरच टेकलं पाहिजे. तसं असेल तर रोबो जागच्या जागी वळताना पेन हलत नाही आणि कोपरा टोकदार येतो, नाहीतर प्रत्येक कोपऱ्यात छोटा गोल उमटतो. गोटीचा कप मागच्या बाजूला, आणि बॅटरी पण तिच्याकडे थोडी झुकलेली ठेवा म्हणजे रोबो पुढे पडणार नाही.

वायरिंग सोपंय. चार सेलचे मिळून ४.८ व्होल्ट ड्रायव्हरला आणि नॅनोच्या ५ व्होल्ट पिनला द्या, सगळ्यांचा ग्राउंड (मायनस) एक. साधे सेल वापरू नका हं, नवे चार मिळून ६ व्होल्टच्या वर जातात, नॅनोला ते सोसत नाही. प्रोग्रॅम अपलोड करताना बॅटरी काढून ठेवा.

कोडसाठी ॲक्सेलस्टेपर लायब्ररी (मोटर चालवायचा तयार कोड) घ्या, हाफ-स्टेप मोड, म्हणजे मोटर अर्ध्या अर्ध्या स्टेपने फिरते. इथे बरेच जण अडकतात, मोटर नुसती गुरगुरते आणि फिरतच नाही. कारण पिनांचा क्रम. लायब्ररीला ड्रायव्हरच्या १, २, ३, ४ असा नाही तर १, ३, २, ४ असा द्यावा लागतो. शिवाय मोटर समोरासमोर बसतात म्हणून सरळ जायला एक सुलटी आणि एक उलटी फिरवायची. वेग सेकंदाला ८०० स्टेपपासून सुरू करा. आणि चित्र संपलं की मोटरचं आउटपुट बंद करा, नाहीतर उभ्या उभ्या तापत राहते आणि सेल संपवते.

आता हिशोब. या मोटरच्या एका फेऱ्याला ४०९६ स्टेप असं सगळीकडे लिहिलेलं असतं, पण आतल्या गिअरचे दात मोजले तर आकडा साधारण ४०७६ येतो. ओ-रिंगसकट चाक ६५ मिमीचं असेल तर परीघ २०४.२ मिमी, म्हणजे १ मिमीला जवळपास २० स्टेप. चाकांमधलं अंतर ११० मिमी असेल तर ९० अंश वळायला प्रत्येक चाक ८६.४ मिमी चालतं, म्हणजे साधारण १७२५ स्टेप, विरुद्ध दिशांना.

तरी पहिला चौकोन बंद होणार नाही. आधी ५०० मिमी सरळ चालवा आणि रेघ मोजा. ४९० भरली तर दर मिमीच्या स्टेपना ५०० भागिले ४९० ने गुणा. मग जागच्या जागी सलग १० फेऱ्या मारायला लावा, एका फेरीत न दिसणारी चूक इथे दहापट दिसते. जास्त वळला तर कोडमधलं चाकांचं अंतर किंचित कमी करा, कमी वळला तर वाढवा. आणि गिअरमध्ये थोडा ढिलेपणा असतोच, दिशा बदलली की पहिल्या काही स्टेप वाया जातात, त्या तेवढ्या जास्तीच्या द्या. कोपरे जुळायला लागले की मग चांदणी काढायला लावा.