ट्रेडरने राहण्याचे शहर निवडताना आधी घड्याळ पाहावे

कुठूनही ट्रेडिंग करता येते म्हणून भाडे आणि हवामान पाहून शहर निवडले, तर बाजाराच्या वेळेपायी झोपेचे गणित बिघडते. म्हणून आपल्या बाजाराची वेळ प्रथम त्या शहराच्या वेळेत मांडावी. न्यूयॉर्कचा शेअर बाजार तेथील सकाळी ९:३० ते दुपारी ४ चालतो. लिस्बनमध्ये तेव्हा वर्षातील बहुतेक काळ दुपारी २:३० ते रात्री ९ वाजतात, तर बँकॉकमध्ये अमेरिकी उन्हाळी वेळेनुसार (तेव्हा तेथील घड्याळे एक तास पुढे असतात) रात्री ८:३० ते पहाटे ३ आणि हिवाळ्यात त्याहून एक तास उशिरा. माझ्या मते पहाटेपर्यंतचे जागरण स्वस्त भाड्यानेही परवडत नाही.

पसंत शहरात आधी महिनाभरच राहावे आणि इंटरनेट बाजाराच्या वेळेतच तपासावे. मात्र दीर्घ भाडेकरारापूर्वी, त्या देशातून ट्रेडिंग खाते चालवता येईल का, हे आपल्या शेअर ब्रोकरकडून लेखी घ्यावे.