नंबर प्लेटची लाइट बसवताय? आपल्या खारट हवेत जॉइंट टिकला पाहिजे

बाइकच्या नंबर प्लेटला एलईडी लाइट लावणं म्हणजे दोन वायरींचं काम, घरी कुणालाही जमेल, पण आपल्याकडे दापोली-गुहागर पट्ट्यात ती किती दिवस चालणार हे लाइटवर नाही, जॉइंटवर ठरतं. माझ्या गाडीला पहिली लाइट एका गॅरेजवाल्याने लावून दिली होती, वायर सोलली, पीळ मारला, वरून काळी टेप गुंडाळली, झालं काम. एप्रिलमध्ये लावली आणि ऑगस्टमध्ये शृंगारतळीहून रात्री घरी येताना धो धो पावसात मीटरची लाइट गेली, उतरून बघतो तर टेल लाइटपण बंद, फ्यूज उडालेला. मागून डंपर येत होता. मोबाइलचा टॉर्च मागे धरून रस्त्याच्या कडेला उभा राहिलो, तो निघून जाईपर्यंत जीव मुठीत.

दुसऱ्या दिवशी टेप सोडवली तर आत चिकट काळा गाळ आणि तांब्याची तार हिरवी, तांब्याच्या भांड्यात ताक ठेवल्यावर कळकतं ना तशी. प्लसचा जॉइंट उघडा पडून मडगार्डच्या पत्र्याला टेकला होता. वायर मागे कापत गेलो तर चार इंच आतपर्यंत तार काळी निघाली, कारण बारीक तारांच्या वायरीत पाणी दिव्याच्या वातीसारखं आत चढत जातं आणि आपल्याकडे त्या पाण्यात मीठ असतं.

आधी बघा लाइट खरंच लागणार आहे का. बल्बवाल्या टेल लाइटला खालून एक पारदर्शक काच असते, त्या २१/५ वॅटच्या बल्बचाच उजेड तिच्यातून प्लेटवर पडतो. कित्येकदा ती काच लाल मातीने माखलेली असते, पुसली की काम झालं. पण टेल लाइट बदलून बाहेरची लावली असेल, किंवा मागचं मडगार्ड कापून प्लेट वर घेतली असेल तर प्लेट अंधारात जाते, मग वेगळी लाइट हवीच. केंद्रीय मोटार वाहन नियम १९८९ मधला १०५ नंबरचा नियम सांगतो की मागची प्लेट पांढऱ्या उजेडात १५ मीटरवरून वाचता आली पाहिजे. त्यामुळे निळी, लाल, लुकलुकणारी असली काही घेऊ नका, आणि लाइटचं तोंड प्लेटकडे ठेवा, मागच्या माणसाच्या डोळ्यात नको.

बोल्टच्या डोक्यातच एलईडी असते ती लाइट दिसायला झकास, पण हाय सिक्युरिटी प्लेटवर ती बसवू नका. एक एप्रिल २०१९ पासूनच्या सगळ्या नव्या गाड्यांना ती प्लेट कंपनीकडूनच आहे, तिला स्नॅप लॉक असतं, एकदा बसलं की तोडल्याशिवाय निघत नाही. लॉक तोडायचं नाही, प्लेटला नवीन भोकपण पाडायचं नाही. प्लेटच्या वर मडगार्डला छोटी पट्टी मारून तिच्यावर लाइट बसवा. पट्टी स्टीलची घ्या, साध्या लोखंडाची एका पावसात गंजते.

सामान फार नाही. १२ व्होल्टची सील केलेली लाइट, अर्ध्या स्क्वेअर एमएमची वायर, छोटा फ्यूज होल्डर आणि १ अँपिअरचा फ्यूज, कॉपर थिंबल (वायरी आत घालून पकडीने दाबायची तांब्याची छोटी नळी), झिप टाय, आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे आतून गोंद असलेली श्रिंक ट्यूब, म्हणजे गरम केली की वायरीवर आवळणारी नळी. साधी श्रिंक नुसती आवळते, पाणी अडवत नाही. दुकानात दोन्ही सारख्याच दिसतात म्हणून ट्यूबच्या आत बोट घालून बघा, गोंदवालीची भिंत जाड लागते.

आता टेलची वायर शोधायची. सीट काढा, टेलकडे जाणारा कपलर (वायरी जोडणारा प्लास्टिकचा प्लग) सापडेल, त्यात तीन वायरी: टेल, ब्रेक आणि अर्थिंग. होंडा-हिरोत बहुतेक वेळा तपकिरी टेल, हिरवी-पिवळी ब्रेक आणि नुसती हिरवी अर्थिंग, यामाहात निळी टेल, पिवळी ब्रेक, काळी अर्थिंग. पण नुसत्या रंगावर जाऊ नका, सेकंडहँड गाडीत आधीच्या मालकाने काय जोडलंय देव जाणे. चावी आणि लाइट ऑन करून मल्टीमीटर लावून बघा, ब्रेक न दाबता ज्या वायरीला करंट येतो ती टेल, दाबल्यावरच येतो ती ब्रेक. ब्रेकला जोडलीत तर ब्रेक मारल्यावरच नंबर दिसेल.

जुन्या गाड्यांत अजून एक भानगड आहे, त्यांची हेडलाइट आणि टेल बॅटरीवर नाही, थेट मॅग्नेटच्या (इंजिनवर फिरून वीज बनवणारा भाग) एसी करंटवर चालते. ओळखायला सोपं: इंजिन बंद असताना चावी आणि लाइटचं बटण ऑन केलं तरी टेल लागत नाही, आणि चालू केल्यावर अॅक्सिलेटर पिळाल तसा उजेड कमीजास्त होतो. अशा वायरीवर एलईडी लावली तर ती फडफडते आणि थोड्याच दिवसांत जाते. तिथे ब्रेक स्विचला येणारी वायर घ्या, चावी ऑन केल्यावर ब्रेक न दाबता जिच्यात करंट असतो ती, ती बॅटरीची असते. मग चावी ऑन असेपर्यंत लाइट जळत राहील, पण १ वॅटची एलईडी १२ व्होल्टला जेमतेम ०.०८ अँपिअर खाते, बॅटरीला काही फरक पडत नाही.

मायनस चेसिसच्या बोल्टला मारू नका. सगळे तसंच करतात, पण समुद्राजवळ बोल्टखाली गंज धरतो आणि लाइट मंद होत होत जाते. टेलच्या अर्थिंग वायरीलाच जोडा.

आता जॉइंट, इथे घाई नको. बॅटरीची मायनस काढून ठेवा. श्रिंक ट्यूब आधी वायरीत ओवून लांब सरकवून ठेवा, जॉइंट झाल्यावर ती घालता येत नाही. सोललेली तार गुळगुळीत, लालसर चमकली पाहिजे, काळी दिसली तर चमक येईपर्यंत मागे कापत जा, काळ्या तारेवर डाग (सोल्डर) धरत नाही. थिंबल पकडीने नीट दाबा आणि ओढून बघा, हाताने निघाली तर परत करा. डाग मारायचा असेल तर मारा, पण डाग दिल्यावर वायर तिथे कडक होते आणि गाडीच्या थरथरीने कडेला तुटते, म्हणून जॉइंट लोंबकळत ठेवू नका, दोन्ही बाजूंनी झिप टायने बांधा. मग ट्यूब जॉइंटच्या मधोमध आणा, लाइटर खालून फिरवत ठेवा, एका जागी धरलात तर जळते. दोन्ही टोकांतून गोंदाची छोटी कड बाहेर आली की समजा पाणी बंद. प्लस आणि मायनसचे जॉइंट एकासमोर एक नको, इंचभर मागेपुढे.

प्लसच्या वायरीत टेलच्या जोडाजवळच तो १ अँपिअरचा फ्यूज टाका. माझ्या त्या रात्री हा असता तर हा एवढाच उडाला असता आणि टेल चालू राहिली असती. होल्डर आणि कपलरच्या पिनांना चिमूटभर व्हॅसलीन लावा.

जॉइंट सगळे सीटखाली, वर. मडगार्डच्या आत एकही जॉइंट ठेवू नका, चाकाचं पाणी थेट तिथे मारतं. वायर लाइटपासून वर नेताना मध्ये पोट सोडा, म्हणजे पाणी पोटाशी टपकून जाईल, वायरीवरून जॉइंटकडे चढणार नाही. पत्र्याच्या भोकातून काढताना रबराचा बूच घाला, आणि शॉकअप पूर्ण दाबल्यावर वायर टायरला घासत नाही ना ते मागे एकाला बसवून बघा.

बॅटरी जोडा, लाइट लागली नाही तर बहुधा दोन वायरी उलट झाल्यात, अदलाबदल करा. मग बादलीभर पाणी मडगार्डच्या आतून जोरात मारा, इंजिन चालू, लाइट चालू, कुठे फडफडते का बघा. रात्री वीस पावलं मागे जाऊन नंबर वाचून बघा. जे लोक दाभोळ-धोपावे किंवा जयगड-तवसाळ फेरीने रोज जातात त्यांनी आठवड्यातून एकदा तरी मागचं मडगार्ड आतून गोड्या पाण्याने धुवा, कारण जेट्टीच्या उतारावरचं पाणी खारंच असतं आणि ते सुकल्यावर मीठ तिथेच राहतं.