विकलेली जुनी गाडी परत मिळवायची असेल तर

घरातली पहिली गाडी विकल्याची हळहळ बेळगाव, खानापूर, चिकोडी, निपाणी या भागांतील अनेक घरांत आजही बोलून दाखवली जाते. कुणाकडे कुर्ल्याच्या कारखान्यातून निघालेली प्रीमियर पद्मिनी होती, जिला सगळे शेवटपर्यंत फियाटच म्हणत राहिले. कुणाकडे आजोबांची अ‍ॅम्बॅसडर होती, तर कुणाकडे पहिल्या पगारवाढीनंतर घेतलेली मारुती 800. अ‍ॅम्बॅसडर आणि मारुती 800 या दोन्हींचे उत्पादन 2014 मध्ये थांबले, पद्मिनीचे त्याच्याही कितीतरी आधी. तशीच दुसरी गाडी पैसे मोजून मिळू शकते; पण ज्यांना तीच गाडी हवी आहे, त्यांनी एक गोष्ट आधी मनाशी पक्की करावी: शोध नंबर प्लेटवरून नव्हे, तर चेसिस नंबरवरून, म्हणजे गाडीच्या सांगाड्यावर कोरलेल्या क्रमांकावरून घ्यावा.

याला कारण आपला सीमाभाग आहे. इथली गाडी विकली की ती कोल्हापूर, सांगली किंवा गोव्याला सहज जाते, आणि दुसऱ्या राज्यात 12 महिन्यांहून अधिक काळ ठेवलेल्या गाडीला कायद्याप्रमाणे तिथला नवा नोंदणी क्रमांक घ्यावा लागतो. त्यामुळे केए-22 म्हणून विकलेली गाडी आज एमएच-09 या क्रमांकाने कोल्हापुरात फिरत असू शकते, आणि तुमच्या लक्षात राहिलेला क्रमांक आता कशावरही नसेल. धातूत कोरलेला चेसिस नंबर मात्र गाडीबरोबरच जातो. तो जुन्या आरसी बुकाच्या प्रतीत, विम्याच्या पॉलिसीत, विक्रीच्या वेळी भरलेल्या फॉर्म 29 व 30 च्या प्रतींत, किंवा बँकेच्या कर्जाच्या कागदांत सापडतो. घरातील जुन्या फायली आणि पत्र्याच्या पेट्या एकदा नीट उपसाव्यात; माझ्या मते शोधाचे निम्मे काम तिथेच होते.

परिवहन खात्याच्या संकेतस्थळावर नोंदणी क्रमांक टाकून गाडीची नोंद तपासता येते, परंतु तिथे मालकाचे नाव पूर्ण दिसत नाही. शिवाय फार जुन्या गाड्यांची नोंद हाताने लिहिलेल्या रजिस्टरांतच राहिलेली असू शकते, आणि ती संगणकावर आणण्यासाठी आरटीओ कार्यालयात बॅकलॉग एंट्री करून घ्यावी लागते. म्हणून खरा भरवसा माणसांवर ठेवावा. ज्या मेस्त्रींकडे गाडी सर्व्हिसिंगला जात असे, ज्या डेंटरने तिचा मडगार्ड सरळ केला होता, ज्या एजंटाने व्यवहार जमवला होता, त्यांच्याकडे किंवा त्यांच्या मुलांकडे जावे. जुना मेस्त्री मालकाला विसरेल, पण गाडी विसरत नाही. बैलहोंगल, सौंदत्तीकडे चौकशी करायची असेल तर कन्नडमध्येच बोलावे. ‘अण्णा’ म्हणून सुरुवात केली की माणसे मोकळेपणाने माहिती देतात. आणखी एक उपाय सांगतो. खंडेनवमीच्या दिवशी शेडमध्ये वर्षभर झाकून ठेवलेल्या गाड्याही बाहेर काढून धुतल्या जातात, त्यांना झेंडूचे हार घातले जातात. ज्या गावात गाडी असल्याची कुणकुण लागली असेल, तिथे त्या दिवशी एक फेरी अवश्य मारावी.

गाडी सापडल्यावर पहिल्याच भेटीत किंमत विचारू नये. ज्याच्याकडे ती आज आहे, त्यानेही ती कदाचित तुमच्या घराहून अधिक वर्षे सांभाळली आहे, आणि त्याच्या मुलांच्याही आठवणी तिच्याशी जोडलेल्या आहेत. दोन्ही घरांना ओळखणारे एखादे वडीलधारे काका-मामा बरोबर न्यावेत, जुने फोटो दाखवावेत, चहा घ्यावा, आणि पुढे कधी विकण्याचा विचार झालाच तर प्रथम आम्हाला कळवा, एवढेच सांगून यावे.

व्यवहाराची वेळ आली की मात्र भावना बाजूला ठेवून पत्रा पाहावा. इंजिनाची चिंता तुलनेने कमी आहे, कारण बेळगावचे उद्यमबाग आणि कोल्हापूरचे उद्यमनगर येथे क्रँकशाफ्ट ग्राइंडिंगपासून बुश बसवण्यापर्यंतची कामे करणारे कसबी लोक आहेत. न मिळणारा एखादा भाग नमुन्यावरून करून घेता येतो. गंजाचे तसे नाही. पद्मिनीला ट्रकसारखी वेगळी चेसिस, म्हणजे खालची लोखंडी चौकट नसते, सगळा भार बॉडीच पेलते. त्यामुळे दारांखालच्या पट्ट्या किंवा मागचे पाटे जिथे बॉडीला जोडलेले असतात ती जागा कुजली असेल, तर गाडीचा कणाच गेला असे समजावे. खानापूर-जांबोटीकडच्या पावसात उघड्यावर राहिलेली आणि गोव्याच्या खाऱ्या हवेत राहिलेली गाडी अधिक काटेकोरपणे तपासावी. मॅट उचलून फ्लोअर पाहावा, डिकीतील स्टेपनीची जागा पाहावी, आणि खालच्या कडांवर लोहचुंबक फिरवावे: जिथे तो धरत नाही, तिथे पत्र्याऐवजी पुट्टी भरलेली आहे. त्यानंतर चेसिस नंबरवर कागद धरून, पेन्सिल घासून ठसा (पेन्सिल प्रिंट) घेऊन ती जुन्या कागदाशी अंकागणिक जुळवावी. अंक घासलेले किंवा पुन्हा कोरलेले दिसले, तर गाडी कितीही ओळखीची वाटली तरी व्यवहार थांबवावा.

कागदपत्रांत सर्वांत जास्त अडचण येते ती आरसी मृत व्यक्तीच्या नावावर राहिल्याने. अशा वेळी आधी वारसाने फॉर्म 31 भरून गाडी स्वतःच्या नावावर करून घ्यावी आणि मगच विकावी. पैसे त्यानंतरच द्यावेत. गाडी महाराष्ट्रातून परत आणायची असेल, तर तिथल्या आरटीओकडून फॉर्म 28 वर ना-हरकत दाखला घ्यावा लागतो, आणि इकडे कर्नाटकाचा कर भरून नवा क्रमांक मिळतो. जुना क्रमांक परत मिळेल असे धरून चालू नये. खासगी गाडीची नोंदणी 15 वर्षांनी संपते आणि नंतर दर 5 वर्षांनी तपासणी करून वाढवून घ्यावी लागते. गाडी 50 वर्षांहून जुनी आणि मूळ स्वरूपात असेल, तर 2021 च्या नियमांप्रमाणे 20,000 रुपये भरून व्हिंटेज नोंदणीही करता येते. मात्र अशी गाडी रोजच्या वापरासाठी रस्त्यावर आणता येत नाही. गणपतीला गावी आणि देवाला सौंदत्तीला त्याच गाडीतून जायचे असेल, तर साधी नोंदणी वाढवून घेणेच मला योग्य वाटते.

बंद पडून राहिलेली गाडी चालवत घरी आणू नये, पिकअपवर चढवून आणावी. इंजिन सुरू करण्यापूर्वी टाकी उतरवून आतला गंज व साचलेले पेट्रोल काढावे, ब्रेक सिलिंडरची रबरे आणि चारही टायर बदलावेत, मग ते टायर वरून कितीही चांगले दिसोत. आजच्या पेट्रोलमध्ये 20 टक्क्यांपर्यंत इथेनॉल असते आणि जुन्या गाडीचे रबरी पाइप व इंजिनाला पेट्रोल पुरवणाऱ्या पंपाचा पडदा त्यात फुगतो आणि तडकतो. म्हणून हे दोन्ही इथेनॉल सहन करणाऱ्या रबराचे बसवावेत, आणि गाडी महिनाभर उभी राहणार असेल तर कार्ब्युरेटर रिकामा करून ठेवावा.